मांजर्लीत स्पोर्ट्स कार बनेलही, पण तिला नंबर कोण देणार?

घरगुती इलेक्ट्रिक गाड्यांचे व्हिडिओ भरपूर येतात. त्या गाड्यांचं पुढे काय होतं, यावर मात्र कोणी बोलत नाही.

बदलापूर : जुन्या मारुतीची चाकं, ई-रिक्षाची मोटर, वर पत्र्याची किंवा फायबरची बॉडी आणि पुढे लाल रंगाचं चकचकीत बॉनेट. कुठल्या तरी गावातल्या पोराने अंगणात इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार बनवल्याचा असा व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर येतोच. खाली कौतुकाचा पाऊस पडतो, एखादे स्थानिक पुढारी शाल-श्रीफळ देऊन जातात, गाडीत बसून फोटो निघतात. आठ-पंधरा दिवसांत सगळं थंड होतं. गाडी अंगणातच राहते आणि तिच्यात घातलेले पैसेही तिथेच राहतात.

बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीत, अंबरनाथच्या बुवापाड्यात किंवा मुरबाडच्या एखाद्या वाडीत कोणी असा घाट घातला, तर त्याला गाडी जमेल का? जमण्यासारखी आहे. पण ती गाडी बदलापूर-कर्जत रस्त्यावर कायदेशीर फिरवता येईल का, या प्रश्नाचं उत्तर आजच्या घडीला जवळपास ‘नाही’ असंच आहे. गाडी जमणं आणि गाडीला नंबर मिळणं या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे कामाला हात घालण्याआधी पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी समजून घ्यायला हवं.

सामान इथेच आहे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा अशा कामासाठी तसा सोयीचा आहे. उल्हासनगरात वायर, कनेक्टर, चार्जरपासून सीटच्या रेक्झिनपर्यंत बहुतेक गोष्टी एका फेरीत मिळतात. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत लेथ आहेत, वेल्डिंगवाले आहेत. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी असल्यामुळे मोजमापाने काम करणाऱ्या कारागिरांच्या दोन-तीन पिढ्या इथे राहतात. आयटीआयची पोरं आहेत. भंगारात जुन्या गाड्यांचे स्टेअरिंग रॅक, डिस्क ब्रेक, ॲक्सल मिळून जातात.

शिवाय पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेची गाडी जोडायला सोपी. इंजिन, क्लच, रेडिएटर, सायलेन्सर ही भानगडच नाही. मोटर, कंट्रोलर, बॅटरी, बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस, चार्जर आणि ॲक्सलेटरचं पेडल एवढी मांडणी नीट झाली की चाक फिरतं. म्हणूनच व्हिडिओत गाडी पळताना दिसते, आणि ती खरोखरच पळत असते.

‘स्पोर्ट्स’ या शब्दाची किंमत

बजेट फसतं ते ‘कार’ या शब्दावर नाही, ‘स्पोर्ट्स’ या शब्दावर. थोडा हिशेब पाहू.

चालकासह साडेसहाशे किलोची दोन सीटची छोटी गाडी धरा. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरचा वेग टिकवायला तिच्या चाकांना साधारण २ किलोवॅट शक्ती लागते. तीच गाडी ताशी १०० ने न्यायची तर सुमारे १० किलोवॅट. वेग दुप्पट झाला, शक्ती मात्र पाचपट. कारण वेग वाढला की हवेचा अडसर झपाट्याने वाढतो. शून्यापासून १०० पर्यंत आठ सेकंदांत पोचायचं म्हटलं, तर हवेचा विरोध सोडूनही सरासरी ३० किलोवॅटच्या वर शक्ती हवी. ७२ व्होल्टच्या बॅटरीतून ती घ्यायची म्हणजे ४०० अँपिअरहून जास्त प्रवाह. घरातला साधा एमसीबी १६ किंवा ३२ अँपिअरचा असतो, यावरून अंदाज यावा. एवढा प्रवाह झेलणारा कंट्रोलर, जाड केबल, फ्यूज आणि सेल ई-रिक्षाच्या सामानात बसत नाहीत.

बॅटरीचंही तसंच. ७२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे ७.२ युनिट वीज. मोटर-कंट्रोलरमधला तोटा धरून एका चार्जवर, एकसारख्या ५० च्या वेगाने, कागदावर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाता येईल. १०० च्या वेगाने जेमतेम पन्नास-साठ. खड्डे, चढ, सिग्नल आणि गर्दी धरली की दोन्ही आकडे खाली येतात. बदलापूरहून कल्याण रेल्वेने १४ किलोमीटर. रोज तेवढी ये-जा करणाऱ्याला ७.२ युनिट पुरेसे आहेत. शर्यतीची हौस असलेल्याला ते पुरणार नाहीत.

खर्चात सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचाच. ब्लूमबर्ग एनईएफच्या २०२४ च्या पाहणीनुसार लिथियम बॅटरी पॅकची जगभरातली सरासरी किंमत एका युनिटच्या क्षमतेला ११५ डॉलर होती. त्या भावाने ७.२ युनिटचा पॅक ७० हजार रुपयांच्या घरात जातो. पण हा भाव हजारो पॅक घेणाऱ्या कंपन्यांचा आहे. एकच पॅक घेणाऱ्याला तो मिळत नाही. मग पोरं जुन्या स्कूटरच्या पॅकमधून काढलेले सेल शोधू लागतात, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

आग आणि करंट

२०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या वर्षी अशा घटना एकामागून एक घडल्या. कंपनीत बनलेल्या, तपासणी झालेल्या गाड्यांची ही गत होती. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. दुचाकींसाठी एआयएस-१५६ आणि मोटारींसाठी एआयएस-०३८ या मानकांत सुधारणा झाली. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एक सेल तापला तर आग शेजारच्या सेलकडे कशी जाते, बीएमएस वेळेत तोडणी करते का, पॅकमध्ये पाणी शिरतं का, अशा गोष्टी आता तपासल्या जातात.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे पुस्तकी नाही. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेच्या वस्त्यांत घुसलं होतं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, हे कोणी विसरलेलं नाही. तळमजल्यावर उभ्या गाडीत घरगुती पॅक असेल आणि त्यात गढूळ पाणी शिरलं, तर पाणी ओसरल्यावरही तो कधी पेट घेईल याचा नेम नसतो.

घरच्या कामात पाळता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी सेल वजनाला जरा जास्त असतात, पण इतर लिथियम सेलपेक्षा उष्णता जास्त सहन करतात. विजेच्या गाड्यांच्या मानकांत डीसी ६० व्होल्टच्या वरचा भाग धोक्याच्या वर्गात मोडतो. सोळा एलएफपी सेलचा ‘४८ व्होल्ट’चा पॅक पूर्ण चार्जला ५८.४ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे तो त्या रेषेच्या आत राहतो. चोवीस सेलचा ‘७२ व्होल्ट’चा पॅक मात्र ८७ व्होल्टच्या पुढे जातो. त्याला हात लावताना रबरी हातमोजे, झाकलेले टर्मिनल आणि हाताने तोडता येणारा मुख्य स्विच नसेल, तर ते काम करूच नये. वेगवेगळ्या वयाचे जुने सेल एका पॅकमध्ये घालणं म्हणजे एका बैलगाडीला म्हातारा बैल आणि खोंड जुंपण्यासारखं. कमजोर सेल आधी ताणला जातो, आणि तोच तापतो.

ब्रेकचं गणितही वेगाच्या वर्गाने वाढतं. ५० च्या वेगाला थांबवायची जेवढी ऊर्जा असते, १०० च्या वेगाला त्याच्या चौपट असते. बहुतेक व्हिडिओंत गाडी पळताना दाखवतात. ती जोरात थांबताना दाखवलेली फारशी दिसत नाही.

आधी कोणी केलं, त्यांचं काय झालं

महाराष्ट्रात ही हौस नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकात स्वतःची छोटी मोटार बनवायला घेतली आणि १९७० च्या दशकापर्यंत ती सुधारत नेली. ‘मीरा’ नावाची ती गाडी सुमारे १२ हजार रुपयांत सामान्य माणसाला देण्याचा त्यांचा विचार होता. गाडी रस्त्यावर चालली, लोकांनी पाहिली, पण परवाने आणि भांडवल यांच्या कात्रीत कारखाना काही उभा राहिला नाही. छोट्या गाडीचं स्वप्न पुढे १९८३ मध्ये मारुतीने बाजारात आणलं.

अलीकडचं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे इथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातलं सामान जोडून सुमारे ६० हजार रुपयांत चारचाकी बनवली. किक मारून सुरू होणारी, डाव्या बाजूला स्टेअरिंग असलेली ती गाडी होती पेट्रोलवरची. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिचा व्हिडिओ उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्यापर्यंत गेला. त्यांनी कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या प्रशासन ती थांबवणार. तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ आणि ही गाडी कंपनीच्या संशोधन केंद्रात ठेवू. २०२२ च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

बातम्यांत ही गोष्ट गोड शेवटाची म्हणून गेली, आणि एका कुटुंबापुरती ती आहेही. पण नीट पाहिलं तर त्यात व्यवस्थेची कबुली आहे. कारागिराचा सन्मान झाला, त्याची गाडी मात्र रस्त्यावरून गेली. ती तपासून, दोष सांगून, दुरुस्त करून घेऊन नंबर देण्याची वाट कुणाकडेच नव्हती. आणि प्रत्येक लोहाराला बोलेरो मिळत नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण मुंबईचं. वझिरानी ऑटोमोटिव्ह या कंपनीने २०२१ मध्ये ‘इकॉन्क’ ही एका सीटची इलेक्ट्रिक गाडी दाखवली. वजन ७३८ किलो, आणि ताशी ३०९ किलोमीटर वेगाचा दावा. पण हा वेग गाठला गेला तो इंदूरजवळच्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या बंद चाचणी ट्रॅकवर. भांडवल आणि अभियंते हाताशी असलेल्यांनाही आधी ट्रॅकवरच जावं लागतं.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कल्याणच्या आरटीओत, म्हणजे एमएच-०५ मध्ये, नवं वाहन नोंदवायचं तर त्याचा नमुना आधी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असावा लागतो. त्यातल्या तीन महत्त्वाच्या संस्था आपल्याच राज्यात आहेत : पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. अंतर दूर नाही. अडचण अशी की ही सगळी पद्धत एका नमुन्यावरून हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी आखलेली आहे. एकच गाडी बनवणाऱ्याने तिथे जायचं म्हणजे चाचण्यांचा खर्च गाडीच्या कितीतरी पट होतो.

मग ‘जुन्या गाडीचं आरसी बुक आहे ना, त्यावरच चालवू’ असा सल्ला गॅरेजात मिळतो. तो महागात पडू शकतो. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. त्याच वर्षी सुधारलेल्या कायद्यात परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘ही गाडी नाही, जुगाड आहे’ हा बचावही चालत नाही. जुगाड हे मोटार वाहनच आहे आणि त्याला नोंदणी, विमा लागतोच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राजस्थानातल्या एका अपघाताच्या प्रकरणात सांगितलं आहे.

दंड परवडला, असं कोणी म्हणेल. खरी भीती विम्याची आहे. नंबर नाही म्हणून विमा नाही. बदलापूर स्टेशनच्या गर्दीत किंवा मुरबाड रस्त्यावर अशा गाडीचा धक्का लागून कोणी जायबंदी झालं, तर अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती भरायला विमा कंपनी येणार नाही. ती गाडीवाल्याच्या खिशातून, वेळ आली तर घर-जमीन विकून भरावी लागेल. पोराची हौस म्हणून हप्ते काढून पैसे देणाऱ्या आई-वडिलांना ही गोष्ट आधी कोणी सांगत नाही. आणि ज्याला धक्का लागला, त्याला हक्काची भरपाई हातात पडेल याचीही खात्री नाही.

वाट काढता येते

म्हणून नियम काढून टाका, असं म्हणणं चुकीचं ठरेल. रस्ता सगळ्यांचा आहे आणि न तपासलेली गाडी शाळेच्या वेळेत बेलवलीतून जाऊ नये, हे बरोबरच आहे. प्रश्न तपासणी असावी की नसावी हा नाहीच. एका गाडीची, परवडेल अशी तपासणी का नसावी, हा आहे.

ब्रिटनमध्ये ती आहे. तिथे हौशी माणसाने घरी बनवलेली गाडी सरकारी केंद्रावर एकेकट्याने तपासायची पद्धत आहे. ब्रेक, स्टेअरिंग, दिवे, सीट बेल्ट, धारदार कडा, सगळं तपासतात. नापास झाली तर कारणांची यादी हातात देतात. दुरुस्त करून परत आणायची, पास झाली की नोंदणी. त्यामुळे तिथे घरी गाडी बनवणं हा चोरीछुपे करायचा उद्योग राहिलेला नाही.

आपल्या कायद्यातही त्यासाठी फट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २-ब सांगतं, की नवसंशोधनाला चालना देण्यासाठी केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना या कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकतं. ताशी ४०-५० च्या आत चालणाऱ्या, हलक्या, ठरलेल्या तालुक्यापुरत्या, विमा उतरवलेल्या एकल गाड्यांसाठी या कलमाखाली योजना आखता येईल. तपासणीसाठी तीन संस्था राज्यात आहेतच. वर्षातून एकदा त्यांचं पथक जिल्ह्याच्या एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनात आलं, तरी सुरुवात होईल.

राज्याने २०२५ च्या एप्रिलमध्ये नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं. त्यात खरेदीला सवलत आहे, समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. हे सगळं नोंदणी झालेल्या गाड्यांसाठी. गाडी विकत घेणाऱ्याचा विचार झाला, स्वतः बनवणाऱ्याचा राहून गेला. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना शाल देण्यापलीकडे काही करायचं असेल, तर हा पाठपुरावा करण्यासारखा आहे.

तोवर पोरांनी काय करावं

तोवर हौस मारण्याची गरज नाही, ती योग्य जागी न्यावी लागेल. कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आतच वापरायच्या खास वाहनाला मोटार वाहन कायदा लागत नाही. त्यामुळे कुंपणाच्या आत, फार्महाउसवर, कॉलेजच्या मैदानावर गाडी चालवून शिकता येतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एसएई इंडियाच्या बाहा स्पर्धेत २०१५ पासून इलेक्ट्रिक गट आहे, फॉर्म्युला भारतमध्येही इलेक्ट्रिक गाड्या उतरतात. तिथे गाडी आधी तांत्रिक तपासणीतून जाते, मगच ट्रॅकवर. आयटीआयच्या पोरांनी जवळच्या कॉलेजच्या संघाशी हात मिळवला, तर वेल्डिंगचा हात आणि गणिताची वही एकत्र येतील. कॉलेजांनीही दार थोडं उघडं ठेवायला हरकत नाही.

जुनी गाडी विजेवर करून रस्त्यावरच चालवायची असेल, तर एआयएस-१२३ मानकाखाली मंजूर झालेलं किट अधिकृत केंद्रातून बसवून आरटीओत आरसीवर नोंद करून घेणं हा सरळ मार्ग. त्यात स्पोर्ट्स कारचा रुबाब नाही, पण नंबर आहे, विमा आहे.

आणि फक्त छोटी इलेक्ट्रिक गाडी हवी असेल, तर बाजाराकडेही एकदा बघावं. पुण्याच्या वायवे कंपनीने २०२५ च्या जानेवारीत ‘ईव्हा’ ही सौर पॅनलची छोटी गाडी बॅटरी भाड्याने घेण्याच्या पर्यायासह सव्वातीन लाखांपासून जाहीर केली. तिचा वेगही ताशी ७० पर्यंतच आहे. घरी बनवलेल्या गाडीचा खर्च दोन-अडीच लाखांवर जाऊ लागला की पैसे वाचवण्याचा मुद्दा संपतो, आणि उरते ती शिकण्याची किंमत. ती देण्यासारखी आहे, फक्त ती कशासाठी देतोय हे ठाऊक असावं.

मांजर्लीत कोणी पोरगं कामाला लागलं असेल, तर त्याने पहिला खर्च बॉडीच्या रंगावर करू नये. आधी चांगले ब्रेक, नवे सेल आणि खात्रीची बीएमएस. मग कुंपणाच्या आत चाचणी. रस्ता सगळ्यात शेवटी, आणि नंबर मिळाला तरच.